पाव्हण्यांची मेल अडवायची नाही

मी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्यात नोकरी करते. पगारपत्रकावर माझा हुद्दा 'सिस्टिम इनचार्ज' असा आहे, पण गेली तेरा वर्षं सगळे मला कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला बोलावतात. एसी गळायला लागला तरी मलाच बोलावतात, कारण तोही विजेवर चालतो. पहिली काही वर्षं मी समजावून सांगत होते. मग एके दिवशी स्टुलावर चढून एसीची जाळी धुतली आणि विषय संपवला.

ही गोष्ट सुरू झाली ती एका परदेशी गिऱ्हाइकाच्या फॉर्मवरून. आमचे निम्मे टॉवेल हेच गिऱ्हाईक घेतं. त्यांनी पाठवलेल्या चाळीस पानी फॉर्ममध्ये आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडतील इथपासून पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली इथपर्यंत सगळं विचारलं होतं, आणि शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: ई-मेलसाठी सिक्युरिटी गेटवे आहे का? आमच्या मालकांनी तो वाचला आणि म्हणाले, हाय म्हणून लिहा, गेटवर दोन वॉचमन हाईत की.

मालक वाईट माणूस नाही. त्यांना जे हाताला लागत नाही ते आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही, एवढंच. आदल्या वर्षी आमची मेल क्लाउडवर नेली, म्हणजे आमच्या पत्रांच्या पेट्या एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने ठेवल्या. मालकांना त्यातलं इतकंच कळलं की कोपऱ्यात घूं घूं करणारा सर्व्हर गेला आणि त्या जागेवर देव्हारा बसला. तो देव्हारा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून दाखवतात. क्लाउडचा फायदा काय, असं कुणी विचारलं तर तेवढं एक उत्तर त्यांच्याकडे तयार असतं.

मी त्यांना तीन दिवस समजावलं. बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी गेटवेकडे जाईल, तो तिची झडती घेईल, काही गडबड दिसली तर बाजूला अडकवून ठेवेल, आणि स्वच्छ असेल तीच आपल्या पेटीत टाकेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान हलवली आणि एकच अट घातली. जी जी मेल अडकेल तिची यादी रोज सकाळी आधी त्यांना गेली पाहिजे. कारखान्यात पान हललं तरी आधी मालकांना कळलं पाहिजे, अशी पद्धत आहे. मी तशी सोय केली. ती यादी त्यांनी पहिल्या दिवशी उघडली, दुसऱ्या दिवशी तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यानंतर तिच्या वाटेला गेले नाहीत.

मेलचा रस्ता गेटवेकडे वळवायचा तर आमच्या डोमेनची, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या कारखान्याच्या नावाची, नोंद बदलावी लागते, आणि त्याचा पासवर्ड होता मालकांच्या पुतण्याकडे. पुतण्या पुण्यात, आणि एका प्लॉटवरून चुलत्या-पुतण्याचं बोलणं बंद. तीन आठवडे मी या दोघांमध्ये निरोप्याचं काम केलं. पुतण्या म्हणायचा, काकांनी स्वतः फोन करावा. मालक म्हणायचे, त्याला लाज वाटली तर तो देईल. शेवटी पुतण्याच्या बायकोने पासवर्ड पाठवला. तो मालकांच्या आईचं नाव आणि तिचं जन्मसाल असा होता. भांडणं करायची आणि कुलूप एकाच म्हातारीच्या नावाने लावायचं, याला काय म्हणावं मला कळेना.

मग मुहूर्त. अमावास्या टाळली, राहुकाळ टाळला, आणि नारळ आणला. पण गेटवे हे काही दाराशी उभं केलेलं यंत्र नव्हे. तो कुठल्यातरी दुसऱ्या देशात होता. हार कशाला घालायचा आणि नारळ कशापुढे फोडायचा यावर ऑफिसात चर्चा झाली आणि माझ्या लॅपटॉपवर सगळ्यांचं एकमत झालं. नारळाचं पाणी कीबोर्डमध्ये गेलं. हळद-कुंकवाने माखलेल्या त्याच लॅपटॉपवर मी मेलचा रस्ता वळवला.

पुण्याच्या ज्या कंपनीकडून आम्ही हे विकत घेतलं तिचा इंजिनिअर फोनवर होता. त्याने रस्ता वळला हे पाहिलं आणि म्हणाला, झालं मॅडम, अभिनंदन. मी त्याला विचारलं, कुणी गेटवेला बगल देऊन थेट क्लाउडवरच्या पेटीतच मेल टाकली तर? तो म्हणाला, तसं सहसा कुणी करत नाही. मी फोन ठेवला आणि स्वतः बसून क्लाउडला बजावलं की गेटवेने दिलेलीच मेल घ्यायची, दुसऱ्या कुणाचीही नाही. मागचं दार मी बंद केलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. घरी जाताना स्वतःसाठी आईस्क्रीम घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला एकत्र बसवून सांगितलं की गेटवे असला तरी आपण डोळे उघडे ठेवायचे, आणि कुठल्याही मेलची शंका आली तर तिच्यातलं काही उघडण्याआधी मला विचारायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं म्हणणं मनावर घेतलं ते फक्त एकाने.

ते डिस्पॅचचे मामा. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. पोरवयापासून लूमवर उभे राहिले, त्या खडखडाटात एक कान गेला, तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांना ऑफिसात घेतलं. दोन बोटांनी टाइप करायला शिकले. माल कधी निघाला, कोणत्या गाडीत गेला, हे गिऱ्हाइकांना मेलवरून कळवणं त्यांचं काम. त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात खुर्चीवर बसून काम करणारे ते एकटे. ती खुर्ची ते रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसत. निवृत्ती त्या खुर्चीवरून व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते कुणालाही सांगत.

तर हे मामा शंका आली की मेलचा प्रिंट काढायचे, कागदाची घडी घालायचे, जिना चढून माझ्याकडे यायचे आणि चांगला कान माझ्याकडे करून विचारायचे, "ताई, हे खरं हाय का वो?" दिवसातून चार-पाच वेळा. एकदा लाइट बिलाची मेल घेऊन आले. एकदा मीच सगळ्यांना पाठवलेली मेल घेऊन आले. मी अकाउंट्सच्या मुलींना त्यांची नक्कल करून दाखवायचे. त्या हसायच्या, मलाही बरं वाटायचं. मी सांगितलेलं तंतोतंत करणारा हा एकच माणूस आहे, हे मला दिसत होतं. तरी मी नक्कल करत होते.

आता बार्शीचे व्याही. मालकांची मुलगी बार्शीला दिलेली, आणि तिच्या सासऱ्यांची तिथे धान्याची आडत. मोठं घर, आणि मान त्याहून मोठा. त्यांना मेल पाठवायची हौस. विषयाच्या जागी सगळी मोठी अक्षरं, 'अर्जंट' तीनदा, खाली देवाचा भलामोठा रंगीत फोटो, आणि तीच मेल एकाच वेळी दीडशे लोकांना. जगातला कुठलाही गेटवे अशी मेल पाहून जे करेल तेच आमच्या गेटवेने केलं. अडकवली.

त्या मेलमध्ये नातवाच्या बारशाचं आमंत्रण होतं. सोलापूरकडून किती माणसं येणार आणि पाहुण्यांना द्यायला आमच्या कारखान्यातले टॉवेल किती लागतील, हेही होतं. अडकलेल्या मेलच्या यादीत ती पाच दिवस होती. यादी मालकांकडे रोज जात होती. पाच दिवस उत्तर नाही म्हटल्यावर व्याह्यांनी ठरवलं की सोलापूरकरांना माज आलाय. विहीणबाई सुनेशी बोलेनाशा झाल्या. सुनेने रडत आईला फोन केला. आईने मालकांना काय ऐकवलं ते मला माहीत नाही, पण मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा ते कानडीत बोलत होते. ते फार चिडले की कानडीत शिरतात.

मी स्क्रीनवर ती मेल दाखवली. ती तिथे होती, सुखरूप.

"अडकवून ठेवलंय म्हंजे?" मालक मराठीत आले. "आमच्या व्याह्याला?"

मी म्हणाले, यंत्राला नातीगोती कळत नाहीत. ते म्हणाले, मग तुम्ही सांगा त्याला. आणि हुकूम सोडला की आजपासून पाव्हण्यांची मेल अडवायची नाही.

मी तेव्हा एकदाच, पण नीट सांगितलं होतं. पाव्हण्यांचा पासवर्ड कुणी चोरला तर तो चोर पाव्हण्यांच्या नावाने सरळ आपल्या घरात येईल. मालक म्हणाले, बार्शीची माणसं हाईत ती, चोर न्हाईत.

पण सूट द्यायच्या पाव्हण्यांची यादी एका व्याह्यावर थांबते थोडीच. बार्शीकर आत आले म्हटल्यावर मुलाच्या सासऱ्यांना, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या गृहस्थांना, कसं वगळणार? ते आले म्हणजे मालकांचे दोन साडू. साडू आले म्हणजे मेव्हणा, नाहीतर बाईसाहेब काय म्हणतील. मालकांनी लाल पेनाने यादी केली आणि मला देताना सांगितलं की बार्शीकरांचं नाव वर पाहिजे. मी म्हणाले, यंत्रात वर-खाली असं काही नसतं, सगळे सारखेच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बार्शीकरांना वर घातलं. पुतण्याचं नाव यादीत नव्हतं. ज्याच्या हातात डोमेनच्या किल्ल्या, त्याची मेल गेटवे तपासणार, आणि साडूंची नाही.

आता जे सांगायचं ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. गेटवेमध्ये कुणाला सूट द्यायची तर दोन चौकटी असतात. पहिलीवर टिक केली की यांची मेल फालतू समजून अडकवू नकोस, पण तिच्यातल्या लिंका आणि फाइली तपासत राहा. दुसरीवर टिक केली की यांचं काहीच तपासू नकोस. पाव्हण्यांचा मान राखायला पहिली चौकट पुरेशी होती. कारखानाही सुरक्षित राहिला असता आणि बार्शीही खूश. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण लाल पेनाने केलेली ती यादी पाहून माझं डोकं फिरलं होतं. पाव्हणे पाहिजेत ना तुम्हाला, घ्या, सगळेच्या सगळे घ्या, असं मनात म्हणत मी प्रत्येक नावापुढे दुसऱ्या चौकटीवर टिक केली. चुकून नव्हे. मला मालकांना धडा शिकवायचा होता. धडा नेमका कुणाला मिळेल याचा विचार मी केला नाही.

पंधरा दिवसांनी मामा प्रिंट घेऊन वर आले. बार्शीच्या व्याह्यांची मेल होती, बारशाचे फोटो पाहण्यासाठी खाली एक लिंक. बारशाचे टॉवेल मामांनीच गाडीत घातले होते, म्हणून त्यांचा मेलचा पत्ता व्याह्यांकडे होता. मामा म्हणाले, ताई, फोटो बघायला आपला पासवर्ड टाका म्हणून लिहिलंय, उघडू का नको? माझ्यासमोर त्या सकाळचे तीन बंद पडलेले प्रिंटर होते. मी कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, मामा, बार्शीकरांचं आहे, यादीतलं आहे, उघडा आणि मला काम करू द्या.

मामा "बरं" म्हणाले आणि जिना उतरले.

मेल बार्शीकरांनी पाठवलेलीच नव्हती. त्यांची पेटी कुणीतरी फोडली होती, आणि चोर यादीतल्या नावाने आत आला. मामांनी पासवर्ड दिला. पेटीला पासवर्डशिवाय ओटीपीही लागावा अशी सोय मी आधीच केली होती, पण ती मालकांनी फार कटकट होते म्हणून काढायला लावली होती. तासाभरात मामांच्या पेटीतून, आमच्या कारखान्याच्या नावाने, आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तसलीच मेल गेली. चाळीस पानी फॉर्मवालं गिऱ्हाईक त्यात होतंच. त्यांनी आमची मेल घेणं बंद केलं आणि कळवलं की चौकशी होईपर्यंत पुढची ऑर्डर थांबवली आहे. मामांची पेटी बंद करून सगळ्यांचे पासवर्ड बदलेपर्यंत माझा दिवस गेला. मालाने भरलेला कंटेनर आवारात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मामांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मामांच्या हातात तो प्रिंट होता, चार घड्या घातलेला. मालक अर्धा तास बोलले, पण कानडीत नाही, म्हणजे त्यांनी आधीच काहीतरी ठरवलेलं होतं. मी शेजारी उभी होते. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की दुसऱ्या चौकटीवरची टिक कुणी बघेल का. मुलगी बारावीला, घराचे हप्ते, या वयात सोलापुरात दुसरी अशी नोकरी कुठे आहे, हे सगळं मनात भराभर येऊन गेलं. मग मालकांनी मामांना विचारलं, "उघडायच्या आदी मॅडमना इचारलं व्हतं का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं मला बोलायला वेळ मिळावा म्हणूनच ते तेवढं थांबले. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर पाहत राहिले.

"न्हाय मालक," मामा म्हणाले.

आणि त्यांनी तो प्रिंट खिशात घातला.

त्याच दिवशी मामांना गोदामात पाठवलं. कॉम्प्युटर काढून घेतला. राहिलेलं वर्ष टॉवेलच्या गाठी मोजायच्या. गोदामात खुर्ची नाही, गाठींवरच बसतात.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या पाव्हण्यांची टिक दुसऱ्या चौकटीवरून काढून पहिलीवर आणली. दोन मिनिटांचं काम. व्याह्यांच्या मेली येतच राहिल्या, देवाच्या फोटोंसकट, फक्त आता लिंका तपासून. बार्शीत कुणाला कळलं नाही, सोलापुरातही नाही. त्या दोन मिनिटांसाठी मामांची खुर्ची गेली होती, हे मला त्या वेळी इतकं स्पष्ट दिसलं की मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

चार दिवस माझी हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी मी केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. मामांनी विचारलं होतं, मीच उघडा म्हणाले, आणि टिक मी रागाने केली होती. गेटवेमध्ये कुणी काय बदललं याची नोंद राहते, तिचा प्रिंटही पुढे ठेवला. त्यावर माझं नाव आणि वेळ होती. नोकरी गेली तरी चालेल, असं ठरवूनच गेले होते.

मालकांनी तो कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, गिऱ्हाइकाला कळवून झालंय, की एका जुन्या कर्मचाऱ्याने न विचारता मेल उघडली, त्याला त्या कामावरून हटवलंय. त्यांचं समाधान झालंय, ऑर्डर सुटलीय. आता हे उकरून काढलं तर चौकशी पुन्हा सुरू होईल, मेल कुणाच्या पेटीतून आली ते विचारतील, आणि बार्शीकरांचं नाव निघेल.

मी म्हणाले, पण मामांची चूक नव्हती.

"मामाचं मन मोठं हाय, ते समजून घेत्यात," मालक म्हणाले. "बार्शीकर न्हाईत घेत."

पुढे म्हणाले की माझ्यावर त्यांचा राग नाही, माझ्यावाचून इथलं काही चालत नाही, आणि जाताना एसीचं जरा बघून जा.

मी गोदामात गेले. मामा दोन गाठींच्या मध्ये बसून वहीत आकडा लिहीत होते. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहिले आणि चौकटीचं, टिकचं, मालकांपुढे कबूल केल्याचं, सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. वही मिटली. म्हणाले की टिक-बिक त्यांना काही कळत नाही, पण माझी पोरगी बारावीला आहे हे माहीत होतं, आणि त्यांचं तर वर्षच राहिलं होतं, म्हणून ते न्हाय म्हणाले.

मी म्हणाले, मामा, मी आता मालकांना सगळं सांगितलंय.

"आता सांगितलं व्हय," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पन ताई, तवा तुमी तितंच उभ्या व्हता की."